इलेक्ट्रिकल ड्रॉइंग वाचायचं कसं: एका सर्किटचा माग काढत

इलेक्ट्रिकल ड्रॉइंगचा गठ्ठा हातात आला की नवशिक्याची नजर थेट लेआउटवरच्या दिव्यांवर आणि सॉकेटवर जाते. साहजिक आहे, ओळखीचं तेवढंच दिसतं. मग तो पॉइंट मोजतो, कंड्युटच्या, म्हणजे वायर नेणाऱ्या नळीच्या, रेघांवरून बोट फिरवतो आणि ड्रॉइंग समजलं असं धरून भिंतीत झिऱ्या (खाचा) मारायला घेतो. पण लेआउट सांगतो ते फक्त कुठे काय बसवायचं. वायर किती जाडीची, ब्रेकर कितीचा, न्यूट्रल कुठे परत न्यायचा, पेटी जमिनीपासून किती उंच, यातलं बहुतेक त्या पानावर नसतंच. ते चार वेगवेगळ्या पानांवर विखुरलेलं असतं.

म्हणून वाचताना एक-एक पान धरू नये, एक-एक सर्किट धरावं. एखादं सर्किट निवडायचं, पुरवठ्यापासून शेवटच्या दिव्यापर्यंत आणि तिथून न्यूट्रलने परत असा त्याचा माग सगळ्या पानांतून काढायचा. एका सर्किटचा माग पूर्ण निघाला की बाकीची भराभर सुटतात. खाली आपण असंच एक सर्किट धरणार आहोत. नाव 'आर-३', म्हणजे आर, वाय, बी या तीन फेजपैकी आर फेजवरचं तिसरं सर्किट. ते एका ऑफिसच्या मजल्यावरच्या 'एलडीबी-१' या डीबीतून, म्हणजे ब्रेकर असलेल्या डिस्ट्रिब्युशन बोर्डातून, निघतं.

आधी कोपरा वाचा

ड्रॉइंगच्या उजव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात चौकट असते, तिला टायटल ब्लॉक म्हणतात. ड्रॉइंगचा क्रमांक, विषय, स्केल, कागदाचा आकार, तारीख, रिव्हिजन आणि ड्रॉइंग कशासाठी काढलंय ते, हे सगळं तिथे असतं. तिथे दोन मिनिटं थांबा.

सगळ्यात महत्त्वाचा तो रिव्हिजनचा रकाना. लेआउट रिव्हिजन 'सी'चा आणि डीबी शेड्यूल रिव्हिजन 'ए'चं, असा संच साइटवर अगदी सहज तयार होतो, कारण पानं वेगवेगळ्या दिवशी येतात. अशा संचात सर्किटचे क्रमांक जुळत नाहीत आणि माणूस उगाच स्वतःच्या वाचनाला दोष देत बसतो. बदललेल्या जागेभोवती बहुधा ढगासारखी नागमोडी रेघ आणि शेजारी त्रिकोणात रिव्हिजनचं अक्षर असतं. नवीन पान आलं की आधी हे ढग शोधायचे आणि जुन्या पानावर मोठ्या अक्षरात 'रद्द' लिहून ते बाजूला काढायचं. जुनं पान 'असू दे, लागेल' म्हणून भिंतीवर तसंच ठेवलं, तर कोणीतरी त्यावरूनच काम करणार हे नक्की समजा.

दुसरी गोष्ट शिक्क्याची. 'टेंडर'साठी काढलेलं ड्रॉइंग फक्त अंदाज बांधण्यासाठी असतं. 'फॉर कन्स्ट्रक्शन' असा शेरा असलेल्या ड्रॉइंगवरच कामाला हात घालायचा. 'अॅज-बिल्ट' म्हणजे काम झाल्यावर प्रत्यक्ष काय बसलं त्याची नोंद. जुन्या इमारतीत दुरुस्तीला जाताना हेच पान मागायचं.

खुणांची यादी आणि तळटिपा

खुणांची यादी, म्हणजे लेजेंड, बऱ्याचदा संचाच्या पहिल्या पानावर एकदाच दिलेली असते. तिची एक प्रत वेगळी काढून खिशात ठेवा.

खुणांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०६१७. त्यानुसार लेआउटवर साधा स्विच म्हणजे छोटं वर्तुळ, त्यातून निघालेली तिरकी रेघ आणि रेघेच्या टोकाला एक आडवं टोक. टोकं दोन असली तर स्विच डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा. टू-वे स्विचला (एकच दिवा दोन ठिकाणांहून चालू-बंद करायला लागतो तो) वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना रेघा निघतात. दिवा म्हणजे फुली किंवा फुली असलेलं वर्तुळ, सॉकेट म्हणजे अर्धवर्तुळ. अमेरिकन पद्धतीच्या ड्रॉइंगमध्ये मात्र स्विचसाठी सरळ 'एस' अक्षर असतं आणि टू-वेच्या जागी 'एस'ला ३ चा आकडा जोडलेला असतो, कारण तिकडे त्याला थ्री-वे म्हणतात.

हे सगळं पाठ करायला हरकत नाही, पण विश्वास ठेवायचा तो हातातल्या ड्रॉइंगच्या लेजेंडवरच. प्रत्येक ऑफिस आपल्या सवयीच्या खुणा वापरतं. एकाकडे भरीव त्रिकोण म्हणजे टेलिफोन, दुसऱ्याकडे डेटा पॉइंट. तुटक रेघेचंही तेच. एका पानावर ती जमिनीखालून जाणारा कंड्युट असते, दुसऱ्यावर स्विच आणि दिवा यांचं नातं दाखवते, आर्किटेक्टच्या पानावर तीच डोक्यावरची बीम असते.

तळटिपा लोक वाचत नाहीत. बारीक अक्षरात असतात, प्रत्येक पानावर त्याच छापल्यासारख्या वाटतात. पण 'अन्यथा लिहिलं नसेल तर स्विचपेटी तयार फरशीपासून १२०० मिमीवर', 'कंड्युट किमान २५ मिमी', 'लाइट सर्किटची वायर १.५ चौ. मिमी' अशी वाक्यं तिथेच असतात. लेआउटवर एखाद्या पेटीशेजारी उंची लिहिलेली नाही, याचा अर्थ उंची ठरलेली नाही असा होत नाही. ती तळटिपेत आहे. उंची पेटीच्या तळाची की मध्याची, हेही तिथेच बघा. लिहिलं नसेल तर विचारून घ्या आणि सगळ्या मजल्यावर एकच धरा.

आपण कुठून बघतोय

फ्लोअर प्लॅन म्हणजे इमारत साधारण सव्वा मीटर उंचीवर आडवी कापली आणि वरचा भाग उचलून खाली बघितलं, तर दिसेल ते. म्हणून भिंती जाड दिसतात आणि दरवाजे कोणत्या बाजूला उघडतात ते कळतं. दिव्यांचा लेआउट बहुधा 'रिफ्लेक्टेड सीलिंग प्लॅन'वर काढतात. जमिनीवर आरसा ठेवून त्यात छत बघावं तसा तो असतो. त्यामुळे प्लॅनमधली डावी बाजू सीलिंग प्लॅनमध्येही डावीकडेच राहते आणि दोन्ही पानं एकमेकांवर ठेवून ताडता येतात. मान वर करून छताकडे बघत ड्रॉइंग उलटं धरणारे लोक दिसतात. त्याची गरज नाही.

जागा सापडवायला ग्रिड असतो. एका दिशेला अक्षरं, दुसऱ्या दिशेला आकडे. 'सी-४ जवळचा डीबी' म्हटलं की चारशे चौरस मीटरच्या मजल्यावरही शोधाशोध होत नाही. अक्षरांमध्ये 'आय' आणि 'ओ' सहसा गाळतात, ती १ आणि ० सारखी दिसतात म्हणून. साइटवर पहिल्यांदा जाल तेव्हा आधी जिना आणि लिफ्ट शोधा, ते ड्रॉइंगवर ओळखा आणि कागद त्या दिशेने फिरवून धरा. मग पुढचं सोपं जातं.

उंचीबद्दल एक गोम लक्षात ठेवा. वायरिंगची वेळ येते तेव्हा फरशी बसलेली नसते. ड्रॉइंगवरची उंची तयार फरशीपासूनची असते, आपल्या पायाखाली असतो उघडा स्लॅब. फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून ७५ मिमी होणार असेल, तर १२०० ची पेटी स्लॅबपासून १२७५ वर बसवावी लागते. भिंतीवर बांधकामवाल्यांनी तयार फरशीपासून एक मीटरवर लेव्हलची रेघ मारलेली असेल तर तिथूनच वर २०० मोजा. स्लॅबवरून टेप लावूच नका, कारण स्लॅब कधीच सगळीकडे सारखा नसतो.

सिंगल लाइन डायग्राम: पुरवठा कुठून कुठे

आता 'आर-३'. त्याचा माग लेआउटवर सुरू करायचा नाही, सिंगल लाइन डायग्रामवर करायचा.

या पानावर भिंती नाहीत, खोल्या नाहीत, अंतरं नाहीत. वर पुरवठा, त्याखाली मुख्य पॅनल, मग शाखा, खाली डीबी. तीन फेज आणि न्यूट्रल असले तरी रेघ एकच असते. त्या रेघेवर तिरके काप मारून किंवा शेजारी आकडा लिहून तारा किती ते सांगतात. प्रत्येक रेघेशेजारचा मजकूर हाच या पानाचा जीव.

एलडीबी-१ कडे येणाऱ्या रेघेवर लिहिलंय: '४ सी × १६ चौ. मिमी तांबे + अर्थ'. म्हणजे चार कोअरची केबल, प्रत्येक कोअर १६ चौ. मिमी, अर्थ वेगळी. जिथे '३.५ सी' दिसेल तिथे तीन फेजचे कोअर पूर्ण जाडीचे आणि न्यूट्रल साधारण निम्म्याचा. डीबीच्या चौकटीत पहिला ब्रेकर, म्हणजे इनकमर, '६३ ए, फोर पोल'. शेजारी '१० केए' असेल तर तो दहा हजार अँपिअरपर्यंतचा शॉर्ट सर्किट करंट सुरक्षितपणे तोडू शकतो. तो ब्रेकर किती लोड घेतो याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. नवशिके इथे हमखास गोंधळतात.

इनकमरनंतर रेघ तीन भागांत फुटते, आर, वाय आणि बी. प्रत्येक फेजवर एक-एक आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच आहे, ३० मिलीअँपिअरची. तिच्याखाली त्या फेजचे छोटे ब्रेकर. आपलं 'आर-३' आर फेजच्या आरसीसीबीखाली, '१० ए, सिंगल पोल, सी कर्व्ह'. सी कर्व्हचा अर्थ असा की लिहिलेल्या करंटच्या ५ ते १० पटींदरम्यान कुठेतरी तो तत्क्षणी ट्रिप होतो. बी कर्व्हला हेच ३ ते ५ पट, डी कर्व्हला १० ते २० पट.

इथे थांबून एक निष्कर्ष काढायचा, कारण तो दुसऱ्या कुठल्याही पानावर मिळणार नाही. आरसीसीबी फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परतलेला करंट यांची तुलना करते. तीन फेजच्या तीन वेगळ्या आरसीसीबी आहेत, म्हणजे डीबीत न्यूट्रलच्या पट्ट्याही तीन वेगळ्या असणार. 'आर-३'चा न्यूट्रल आर फेजच्या पट्टीवरच परतला पाहिजे. एखाद्या जंक्शन बॉक्समध्ये जवळ सापडला म्हणून वाय फेजच्या सर्किटचा न्यूट्रल जोडला, तर दिवा लावताक्षणी आरसीसीबी पडू शकते, आणि मग 'मालच खराब आहे' म्हणत लोक नवीन बसवतात.

डीबी शेड्यूल: हिशेब जुळतो का

शेड्यूल म्हणजे तक्ता. एका ओळीत एक सर्किट. 'आर-३'ची ओळ अशी: मीटिंग रूम लाइट; ८ पॉइंट; २८८ वॅट; १० ए; १.५ चौ. मिमी.

आधी गुणाकार बघा. ८ दिवे, प्रत्येकी ३६ वॅट, २८८ बरोबर. २३० व्होल्टला हा करंट सव्वा अँपिअरच्या आसपास. त्याच्यावर १० अँपिअरचा ब्रेकर, आणि १.५ चौ. मिमीची वायर बसवण्याच्या पद्धतीनुसार त्याहून जास्त करंट पेलू शकली पाहिजे. लोडचा करंट सगळ्यात लहान, ब्रेकरचा आकडा मधला, वायरची क्षमता सगळ्यात मोठी, हा क्रम प्रत्येक ओळीत तपासायचा. कुठे ब्रेकर वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा दिसला, तर ती टायपिंगची चूक असो वा डिझाइनची, काम सुरू होण्याआधी लेखी विचारायची.

तक्त्याच्या तळाशी तीन फेजच्या बेरजा असतात. त्या साधारण जवळपास असाव्यात. एका फेजवर नऊ किलोवॅट आणि दुसऱ्यावर तीन असं दिसलं तर बहुधा एखादं सर्किट हलवताना तक्ता सुधारायचा राहून गेलाय.

आता लेआउट उघडा

लेआउटवर मीटिंग रूम शोधली. दिवे किती? सहा. शेड्यूलमध्ये आठ होते.

इथे घाईने 'शेड्यूल चुकलंय' म्हणायचं नाही. प्रत्येक दिव्याशेजारी सर्किटचा टॅग असतो. 'आर-३' हा टॅग खोलीबाहेरही शोधा. आपल्या उदाहरणात भिंतीपलीकडे, पॅसेजमधल्या दोन दिव्यांवर तोच टॅग आहे. हिशेब जुळला. आणि एक इशाराही मिळाला: पॅसेजमधले बाकीचे दिवे वाय फेजच्या सर्किटवर आहेत. म्हणजे न्यूट्रल चुकण्याची जागा हीच. तिथे ड्रॉइंगवर लाल पेनाने गोल करून ठेवायचा.

यासाठी हायलाइटर वापरा. एका सर्किटला एक रंग. दिवा, स्विच, त्यांना जोडणारी रेघ आणि डीबीकडे जाणारा बाण, सगळं एका रंगात. रंगवून झाल्यावर जे पॉइंट कोरे राहिले त्यांना टॅग नाही, किंवा तुमचं लक्ष गेलं नाही. दोन्ही गोष्टी कळलेल्या बऱ्या. स्क्रीनवर पीडीएफ बघूनही हे करता येतं, पण शिकताना कागदावरच करा. झूम केलेल्या स्क्रीनवर शेजारची खोली दिसत नाही, आणि पॅसेजमधले ते दोन दिवे असेच सुटतात.

रेघेवरच्या तारा मोजायच्या कशा

मीटिंग रूमला दोन दरवाजे आहेत. पहिल्याशेजारी स्विचबोर्ड एस-१, दुसऱ्याशेजारी एस-२. दिव्यांच्या दोन ओळी, 'अ' आणि 'ब', प्रत्येकी तीन दिवे. 'अ' ओळ दोन्ही दरवाजांपासून चालू-बंद होते, म्हणजे टू-वे. 'ब' ओळ फक्त एस-१ वरून. पॅसेजचे दोन दिवे त्यांच्या वेगळ्या स्विचवर आहेत, ते तूर्त बाजूला ठेवू.

डीबीकडून एस-१ ला तीन तारा येतात: फेज, न्यूट्रल, अर्थ. पुढे एस-१ ते एस-२ या रेघेवर चार काप आहेत. चार तारा कोणत्या?

ते दिव्यांकडे जाणारी रेघ कुठून निघते यावर ठरतं. समजा 'अ' ओळीची रेघ एस-२ पासून निघते. मग फेज एस-१ च्या टू-वे स्विचच्या कॉमनला (तीन टोकांपैकी सामाईक टोकाला) जोडायचा, तिथून दोन तारा एस-२ च्या टू-वे स्विचला, आणि एस-२ च्या कॉमनवरून तार सरळ दिव्याकडे. दिव्याला न्यूट्रलही तिकडूनच हवा. म्हणून एस-१ ते एस-२: टू-वेच्या दोन तारा, न्यूट्रल, अर्थ. झाल्या चार.

आता समजा दोन्ही ओळींच्या रेघा एस-१ पासूनच निघतात आणि एस-२ कडे एकच कंड्युट जातो. मग एस-२ च्या कॉमनवरून येणारी तार परत एस-१ ला आणावी लागते, तेव्हा ती दिव्याकडे जाऊ शकते. न्यूट्रल एस-२ ला नेण्याचं कारणच नाही. एस-१ ते एस-२: टू-वेच्या दोन तारा, एक परतीची, एक अर्थ. पुन्हा चारच!

काप मोजून चार तारा ओढणाऱ्याला हा फरक कळणार नाही. त्याच्या हाती चार तारा आल्या, आकडा जुळला. पण पहिल्या मांडणीत एस-२ ला न्यूट्रल पोचलाच नाही तर दिवे लागणार नाहीत, आणि तोवर प्लास्टर झालेलं असेल. म्हणून काप मोजून झाले की प्रत्येक तारेचं नाव घ्यायचं. नाव घेता आलं नाही तर ती रेघ अजून वाचून झालेली नाही. शंका असेल तिथे वहीत ते दोन स्विच आणि एक दिवा पूर्ण वायरिंगसह काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

रंगांबद्दल एवढंच: आयईसीच्या पद्धतीत फेज तपकिरी, काळा, करडा आणि न्यूट्रल निळा असतो, लाल-पिवळा-निळा फेज आणि काळा न्यूट्रल ही पद्धतही चालते. म्हणजे निळी तार एका ठिकाणी न्यूट्रल, दुसऱ्या ठिकाणी फेज. जुन्या आणि नव्या कामाचा सांधा असेल तिथे ड्रॉइंगवर रंगांची टीप शोधाच. आणि ड्रॉइंग काहीही म्हणो, तारेला हात लावण्याआधी पुरवठा तोडून, लॉक करून, टेस्टरने मृत आहे याची खात्री करायची. कागदावर आर-३ लिहिलंय म्हणून ती तार आर-३ ब्रेकरवरच आहे असं होत नाही.

स्केल आणि खरी लांबी

१:५० म्हणजे कागदावरचा १ मिमी प्रत्यक्षात ५० मिमी. एस-१ ते एस-२ अंतर कागदावर १२४ मिमी भरलं, म्हणजे ६.२ मीटर.

पण त्याआधी कागद खरा आहे का ते बघा. टायटल ब्लॉकमध्ये 'ए-१' लिहिलंय आणि तुमच्या हातात ए-३ ची प्रिंट असेल, तर सगळी मापं निम्मी झाली आहेत. १२४ च्या जागी ६२ मिमी भरेल आणि तुम्ही ३.१ मीटर धराल. ड्रॉइंगवर स्केल बार असेल तर आधी पट्टी त्यावर ठेवा, लगेच कळतं. जिथे माप आकड्यात लिहिलंय तिथे पट्टी लावायचीच नाही. लिहिलेला आकडा मोजलेल्यापेक्षा वरचढ.

६.२ मीटर ही प्लॅनवरची लांबी, म्हणजे वरून बघितलेली. कंड्युट मात्र पेटीतून भिंतीत वर चढतो, स्लॅबमधून जातो आणि दुसऱ्या भिंतीत खाली उतरतो. पेटी १.२ मीटरवर आणि स्लॅबमधला कंड्युट ३.१ मीटरवर असेल तर एक चढ १.९ मीटरचा. दोन्हीकडचे मिळून ३.८. म्हणजे कंड्युटची खरी लांबी १० मीटर. चार तारा, आणि दोन्ही टोकांना जोडणीसाठी प्रत्येकी १५ सेंटिमीटर सोडले, तर ४ × १०.३, म्हणजे ४१ मीटरच्या वर. नुसत्या प्लॅनवरून २५ मीटर धरणाऱ्याचा माल कुठे कमी पडतो ते इथे दिसतं. चढ-उताराची ही सवय लागली की प्लॅन बघताना भिंती आपोआप उभ्या दिसायला लागतात.

बाकीच्यांची पानंही बघा

स्विच दरवाजाच्या मागे जातोय का, हे इलेक्ट्रिकल लेआउटवर नीट दिसत नाही, कारण त्याखालचा आर्किटेक्टचा प्लॅन पुष्कळदा जुन्या रिव्हिजनचा असतो. दरवाजा उघडण्याची बाजू बदलली की स्विच पल्ल्याआड. म्हणून आर्किटेक्टचं ताजं पान शेजारी ठेवा. केबल ट्रेच्या जागेवर एसीचा डक्ट नाही ना, बीममध्ये कंड्युट जात नाही ना, पाण्याच्या पाइपखाली डीबी येत नाही ना, एवढं तरी ताडून घ्या. दोन पानांत विसंगती दिसली तर आपल्या मनाने निकाल लावू नका. ड्रॉइंग क्रमांक, रिव्हिजन, ग्रिडमधली जागा आणि एक नेमका प्रश्न असं लेखी पाठवा. 'ड्रॉइंग क्लिअर नाही' असं लिहिलेल्या प्रश्नाला उत्तर येत नाही. 'सी-४ जवळ एस-२ दरवाजाच्या पल्ल्यामागे येतो, दुसऱ्या बाजूला घ्यायचा का?' याला येतं.

कंट्रोल सर्किट: वेगळी लिपी

मोटर, पंप, पॅनल यांचं काम आलं की स्कीमॅटिक डायग्राम वाचावा लागतो. इथे उपकरण प्रत्यक्षात कुठे आहे याला महत्त्व नाही. एकाच काँटॅक्टरची (कॉइलला करंट मिळाला की ओढला जाणारा स्विच) कॉइल पानाच्या एका टोकाला आणि तिचे काँटॅक्ट दुसऱ्या टोकाला असू शकतात. त्यांना बांधून ठेवतं ते नाव. कॉइलला 'के-१' असेल तर 'के-१' लिहिलेला प्रत्येक काँटॅक्ट तिच्यासोबत हलतो.

पहिला नियम: सगळं पुरवठा नसताना, कोणी बटण दाबलेलं नसताना जसं असेल तसं काढलेलं असतं. दुसरा: दोन रेघा जिथे मिळतात तिथे ठिपका असेल तर जोड, नुसत्याच छेदत असतील तर जोड नाही. तिसरा आकड्यांचा. सहायक काँटॅक्टच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा १-२ असेल तर तो नॉर्मली क्लोज, म्हणजे एरवी जुळलेला, ३-४ असेल तर नॉर्मली ओपन, म्हणजे एरवी तुटलेला. म्हणून १३-१४ ओपन, २१-२२ क्लोज. ओव्हरलोड रिलेचा (मोटर जास्त करंट ओढू लागली की वाट तोडणारा) ९५-९६ क्लोज, ९७-९८ ओपन. कॉइलची टोकं ए१ आणि ए२.

आता डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन), म्हणजे मोटर थेट पुरवठ्यावर सुरू करणाऱ्या, स्टार्टरची कंट्रोल रेघ वाचा: फेज फ्यूजमधून निघाला, ओव्हरलोडच्या ९५-९६ मधून, स्टॉप बटणाच्या क्लोज काँटॅक्टमधून स्टार्टच्या १३-१४ पर्यंत आला. स्टार्ट दाबलं की कॉइलच्या ए१ ला पोचला, ए२ वरून न्यूट्रल. कॉइल ओढली गेली आणि स्टार्टला समांतर असलेला काँटॅक्टरचा स्वतःचा १३-१४ जुळला. आता बोट काढलं तरी करंटला वाट आहे. स्टॉप दाबलं किंवा ओव्हरलोड पडला की वाट तुटते, कॉइल सुटते, १३-१४ उघडतो, आणि स्टॉप सोडलं तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. प्रत्येक स्कीमॅटिक असाच गोष्ट सांगितल्यासारखा मोठ्याने वाचायचा: हे दाबलं, म्हणून ते ओढलं गेलं, म्हणून ते उघडलं.

मोटर सुरू होते पण बटण सोडताच बंद पडते, अशी तक्रार आली तर? पॅनल उघडण्याआधी कागदावर बोट ठेवता आलं पाहिजे: समांतर १३-१४ ची वाट तुटलीय. ती तार पॅनलमध्ये कोणत्या टर्मिनलवर आहे ते स्कीमॅटिक सांगत नाही. त्यासाठी वायरिंग डायग्राम किंवा टर्मिनलचा तक्ता. तार क्रमांक दोन्हीकडे तोच असतो, त्या क्रमांकावरून एका पानावरून दुसऱ्यावर उडी मारायची. रेघ पानाच्या कडेला संपून '३.४' असं काही लिहिलेलं दिसलं तर पुढचा भाग बहुधा पान ३, रकाना ४ मध्ये आहे.

सराव

आत्ता बसला आहात त्या खोलीचा प्लॅन १:५० ने काढा. स्विच, सॉकेट, दिवे योग्य खुणांनी टाका. डीबीत एक-एक ब्रेकर बंद करून कुठला पॉइंट कशावर आहे ते नोंदवा आणि टॅग लिहा. त्यावरून शेड्यूलचा तक्ता करा, मग डीबीची सिंगल लाइन. ब्रेकर आणि आरसीसीबीवर छापलेले आकडे बाहेरून वाचता येतात, झाकण उघडायची गरज नाही. तिन्ही पानं तयार झाली की ती दुसऱ्याला द्या आणि एका दिव्याचा माग काढायला सांगा. तो जिथे अडेल तिथे तुमचं ड्रॉइंग अपुरं आहे.

साइटवर काम सुरू झालं की लेआउटची एक प्रत फक्त लाल पेनासाठी राखून ठेवा. पेटी ३०० मिमी सरकली, कंड्युट बीम टाळून दुसरीकडून गेला, पॅसेजचा दिवा आर-३ वरून वाय-२ वर गेला, तर ज्या दिवशी झालं त्याच दिवशी, मापासकट आणि तारखेसकट तिथे लिहा. झिरी बुजवण्याआधी टेप लावून फोटो काढा आणि फोटोचा क्रमांक त्या रेघेशेजारी टाका. अॅज-बिल्ट याच प्रतीवरून काढतात. सर्किट हलवलं असेल तर लेआउटबरोबर शेड्यूलची ओळ आणि डीबीच्या दारावरची चिठ्ठीही त्याच वेळी बदला.